विश्लेषण : गेमिंग लॅपटॉपचे ग्राफिक्स कार्ड 'ओव्हरक्लॉक' करावे का? तेलगावच्या उन्हाळ्यात उत्तर का बदलते?

बीड-परळी आणि माजलगाव-धारूर हे रस्ते जिथे मिळतात, त्या तेलगावात एप्रिल-मेमध्ये पारा ४०च्या पुढे असतो. समजा, अशा दिवसांत इंजिनीअरिंगचा एक विद्यार्थी पुण्याहून घरी आला आहे. सोबत हप्त्यांवर घेतलेला गेमिंग लॅपटॉप. होस्टेलवर सेकंदाला ६५ फ्रेम्स देणारा गेम घरच्या पत्र्याच्या खोलीत ५०वर अडखळतो. मित्राचा फोनवरून सल्ला येतो, "कोअर दीडशे वाढव, मेमरी पाचशे वाढव. फुकटात वरचं कार्ड घेतल्यासारखं होतंय." लॅपटॉपचे सात हप्ते बाकी आहेत, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट त्याच मशीनवर आहे आणि मशीन बिघडले तर घरात दुसरे नाही. स्लायडर सरकवावा की नाही?

थोडक्यात उत्तर हवे असेल तर : मार्च ते जून, नाही. इतर महिन्यांतही आधी 'ओव्हरक्लॉक' नव्हे, 'अंडरव्होल्ट'. मात्र या उत्तरामागचे कारण बहुतेकांना वाटते ते नाही.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे नेमके काय?

ग्राफिक्स चिप एका सेकंदात किती ठोके घेते, तो तिचा 'क्लॉक'. २३०० मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला २३० कोटी ठोके. कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा हे ठोके जास्त करणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. त्यासाठी 'एमएसआय आफ्टरबर्नर' हे मोफत सॉफ्टवेअर सर्वाधिक वापरले जाते.

आजची चिप एका ठरावीक वेगाने चालत नाही. तिच्या आत एक तक्ता असतो : इतक्या व्होल्टेजला इतका वेग. वीज आणि तापमान परवानगी देईल तितकी ती त्या तक्त्यावर वर चढते, परवानगी संपली की खाली उतरते. हे सेकंदात अनेकदा घडते. आफ्टरबर्नरमध्ये 'प्लस १५०' केले की हा अख्खा तक्ता १५० मेगाहर्ट्झने वर उचलला जातो. व्होल्टेज वाढत नाही. बहुतेक एनव्हिडिया लॅपटॉपांत व्होल्टेज आणि कमाल वॅट वाढवण्याचे स्लायडर बंदच असतात.

म्हणून 'ओव्हरक्लॉक केले की कार्ड जळते' ही भीती लॅपटॉपच्या बाबतीत बरीचशी चुकीच्या जागी आहे. नुसत्या स्लायडरने गेम बंद पडेल, स्क्रीनवर रंगीत ठिपके आणि चौकटी दिसतील, ड्रायव्हर रीसेट होईल. लॅपटॉप पुन्हा चालू केला की सगळे पूर्ववत होते. अट एकच, 'स्टार्टअपला लागू करा' हा पर्याय आधीच टिकलेला नसावा. खरा धोका पुढच्या पायरीवर असतो. व्हीबायोस बदलून वॅटची मर्यादा उठवणे, बोर्डावरच्या रोधकांशी खेळणे, असले प्रयोग हप्ते चालू असलेल्या मशीनवर करू नयेत. तिथे खरोखर बोर्ड जातो.

पण जसा हा धोका फुगवलेला आहे, तसाच फायदाही. २३०० मेगाहर्ट्झवर १५० म्हणजे साडेसहा टक्के. गेममध्ये तेवढेही पदरात पडत नाहीत. ६० फ्रेम्सचे ६२-६३ झाले तर डोळ्याला फरक कळत नाही. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकसारख्या गेममध्ये १०८० पिक्सेलला बहुतेक वेळा अडथळा प्रोसेसरचा असतो, तिथे ग्राफिक्सचा वेग वाढवून हाती काहीच लागत नाही. आणि ४ जीबी ग्राफिक्स मेमरी अपुरी पडत असेल, तर कोणताही स्लायडर तिची पाच जीबी करत नाही.

नाव एकच, ताकद वेगळी कशी?

यासाठी आधी लॅपटॉपच्या खोक्यावरचे स्टिकर विसरावे लागते. 'आरटीएक्स ४०६०' हे नाव घ्या. एनव्हिडियाच्या स्वतःच्या तपशिलानुसार लॅपटॉपमधला ४०६० हा ३५ ते ११५ वॅट या पल्ल्यात कुठेही बसवता येतो, आणि त्यानुसार त्याचा बूस्ट क्लॉक १४७० ते २३७० मेगाहर्ट्झ असतो. म्हणजे एकाच नावाच्या दोन लॅपटॉपांत ९०० मेगाहर्ट्झचे अंतर असू शकते. दीडशेचा स्लायडर त्यापुढे काय करणार? पातळ, देखणा, कमी वॅटचा लॅपटॉप घेतला असेल तर वेग खरेदीच्याच दिवशी दुकानात राहून गेला. आपला लॅपटॉप किती वॅटचा हे कंपनीच्या संकेतस्थळावर 'टीजीपी' किंवा 'मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर' या नावाने दिलेले असते. विकत घेताना विचारायचा प्रश्न हाच होता, पण दुकानदार सहसा रॅम आणि रंगीत कीबोर्डाबद्दलच बोलतो.

शिवाय लॅपटॉपमध्ये 'कार्ड' नसतेच. बहुतेक लॅपटॉपांत ग्राफिक्स चिप मदरबोर्डला डाखलेली असते. डेस्कटॉपचे कार्ड काढून दुसरे बसवता येते, इथे चिप गेली की बोर्ड बदलावा लागतो आणि बोर्डाचे बिल लॅपटॉपच्या किमतीचा मोठा तुकडा खाते.

तेलगावचे ऊन हिशेबात कुठे येते?

कूलिंग म्हणजे आतली उष्णता बाहेरच्या हवेला देणे. पंखा हवा थंड करत नाही, तो फक्त हलवतो. त्यामुळे चिप किती तापेल हे खोलीच्या तापमानापासून मोजले जाते. वॅट तेवढेच, पंख्याचा वेग तोच, तर खोली १५ अंशांनी तापली की चिपही जवळपास १५ अंशांनी तापते.

आता आकडे घालून पाहू. २५ अंशांच्या खोलीत एखादी चिप ११५ वॅटवर ७८ अंशांवर स्थिरावते, म्हणजे हवेपेक्षा ५३ अंश वर. तोच लॅपटॉप ४० अंशांच्या खोलीत ठेवला तर चिपला ९३वर जावे लागेल. पण बहुतेक गेमिंग लॅपटॉपांत ८७ अंशांच्या आसपास चिप स्वतःच वेग कमी करते. म्हणजे तिच्याकडे ५३ ऐवजी ४७ अंशांचीच जागा उरली. त्या जागेत साधारण १०२ वॅटच बसतात, ११ टक्के कमी. स्लायडरने कमवायचे होते जास्तीत जास्त साडेसहा टक्के. उन्हाने त्याआधीच ११ टक्के नेले.

पत्र्याखालच्या खोलीत दुपारी तीनला हा हिशेब आणखी बिघडतो. पुण्यात डिसेंबरमध्ये चालवून दाखवलेला ओव्हरक्लॉक तेलगावात मे महिन्यात का चालत नाही, याचे उत्तर एवढेच आहे. सल्ला देणारा मित्र खोटे बोलत नसतो. तो फक्त वेगळ्या खोलीत बसलेला असतो.

याच हिशेबाची दुसरी बाजूही आहे. मराठवाड्याचा उन्हाळा कोरडा, त्यामुळे इथे साधा पाण्याचा कूलर चांगले काम करतो. खोली ४०वरून ३२वर आली, तर चिपला ८ अंशांची जागा मोकळी होते. आफ्टरबर्नरमधला कोणताही आकडा एवढे देत नाही. फक्त लॅपटॉप कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. पाण्याचे बारीक तुषार आणि त्यातले क्षार आत जाण्याचे काही कारण नाही.

आपला लॅपटॉप कुठे अडतो, हे कसे कळेल?

ओव्हरक्लॉकचा निर्णय मित्राच्या आकड्यावर घेऊ नये, स्वतःच्या मशीनला विचारावे. 'जीपीयू-झेड' नावाचे छोटे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यातल्या 'सेन्सर्स' पानावर 'परफकॅप रीझन' अशी ओळ असते. गेम वीस मिनिटे चालवायचा आणि मग ही ओळ वाचायची.

तिथे 'थर्म' दिसले तर चिप उष्णतेने अडली आहे, ओव्हरक्लॉकचा विषय तिथेच संपला. 'पीडब्ल्यूआर' दिसले तर वॅटची मर्यादा लागली आहे, अशा वेळी त्याच वॅटमध्ये जास्त काम काढणे हाच मार्ग. 'व्हीरेल' दिसले तर चिपने व्होल्टेजची कमाल पायरी गाठली आहे आणि वीज व उष्णतेला अजून वाव आहे. ओव्हरक्लॉक खरा कामी येतो तो इथेच. गेम चालू असताना ग्राफिक्सचा वापर ७०-८० टक्क्यांवरच रेंगाळत असेल, तर बहुधा अडथळा प्रोसेसरचा आहे.

तेलगावात मे महिन्यात यापैकी कोणता शब्द दिसण्याची शक्यता जास्त, हे वेगळे सांगायला नको.

अंडरव्होल्ट : उलट दिशेचा, पण फायद्याचा रस्ता

चिपची वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. बारावीच्या भौतिकशास्त्रातली ही गोष्ट इथे पैसे वाचवते. समजा चिप ०.९५ व्होल्टवर एक वेग गाठते. तोच वेग ०.८५ व्होल्टवर मिळवता आला, तर ठोक्यांवर खर्च होणारी वीज सुमारे २० टक्क्यांनी घटते. कंपनी प्रत्येक चिपला जरा जास्तीचे व्होल्टेज देऊन ठेवते, कारण लाखो चिपांतली सर्वात कच्ची चिपही चालली पाहिजे. आपल्या वाट्याला आलेली चिप बहुधा तेवढी कच्ची नसते.

आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ ही बटणे एकत्र दाबली की तोच व्होल्टेज-वेगाचा तक्ता आलेखाच्या रूपात उघडतो. ०.८५ व्होल्टचा बिंदू आपल्याला हव्या त्या वेगापर्यंत उचलायचा आणि त्याच्या उजवीकडची रेषा सपाट करायची. चिप मग त्यापेक्षा जास्त व्होल्टेज मागतच नाही. गंमत अशी की हा बिंदू वर उचलणे हे तांत्रिकदृष्ट्या ओव्हरक्लॉकच आहे. साधन तेच. वाचलेली उष्णता वेगात घालवायची की थंडाव्यात, एवढाच प्रश्न उरतो, आणि उन्हाळ्यात ती थंडाव्यात घालावी.

सुरुवात मवाळ आकड्याने करावी. एकदम खोल उतरले तर अंडरव्होल्टही अस्थिर होतो आणि गेम बंद पडतो. एक बदल, तासभर चाचणी, मग पुढचा बदल. हे कंटाळवाणे आहे, पण दुसरा उपाय नाही.

प्रोसेसरकडेही पाहावे. बहुतेक गेमिंग लॅपटॉपांत प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांच्या तांब्याच्या नळ्या सामाईक असतात, एकाचा ताप दुसऱ्याला लागतो. २०१९च्या अखेरीस 'प्लंडरव्होल्ट' ही सुरक्षेतील त्रुटी उघड झाली आणि त्यानंतर अनेक लॅपटॉपांत इंटेल प्रोसेसरचे व्होल्टेज कमी करण्याची सोय बायोसमधूनच बंद झाली. पण विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली की बहुतेक मशीनवर 'टर्बो' बंद होतो आणि तापमान लक्षणीय उतरते. ग्राफिक्सवर भार असलेल्या गेममध्ये याचा तोटा कमी, फायदा जास्त. व्हॅलोरंटमध्ये मात्र फ्रेम्स कमी होतील. फ्रेम्सची मर्यादा ६०वर बांधणे हा त्याहून सोपा उपाय आहे, फक्त तो सांगायला कोणाला शूरपणा वाटत नाही.

कापूस, धूळ आणि वीज

आता जे कुठल्याही इंग्रजी मार्गदर्शिकेत नसते ते. बीड जिल्ह्यात वेचणीनंतर भाव वाढेल या आशेने कापूस अनेक घरांत खोलीतच साठवला जातो. त्याच खोलीच्या कोपऱ्यात टेबल, टेबलावर लॅपटॉप. कापसाचे बारीक तंतू पंख्यातून आत ओढले जातात आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या पट्ट्यांवर नमद्यासारखा थर बसतो. गाळपाच्या दिवसांत कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमुळे रस्त्याची धूळ वेगळीच. वर्षभरात न उघडलेल्या अशा लॅपटॉपमध्ये पंखा आवाज करतो, हवा मात्र फेकत नाही. फ्रेम्स घटल्या म्हणून स्लायडरकडे वळण्याआधी मागच्या झडपेजवळ हात धरून पाहावा. गरम हवेचा जोर जाणवत नसेल, तर दुरुस्तीवाल्याकडून साफसफाई आणि थर्मल पेस्ट बदलून घेणे हेच त्या मशीनचे खरे ओव्हरक्लॉकिंग ठरेल. तोवर पाण्याच्या बाटलीची दोन झाकणे मागच्या पायांखाली ठेवली, तरी खालून हवा आत जायला वाट मिळते. गादीवर लॅपटॉप ठेवून खेळणे तर कोणत्याच ऋतूत नको. आणि कापूस साठवलेल्या खोलीत तापलेला अडॅप्टर ढिगाजवळ ठेवणे हा ग्राफिक्सच्या पलीकडचा, घराचा प्रश्न आहे.

विजेचे काय? लॅपटॉपचे अडॅप्टर साधारण १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यामुळे संध्याकाळी दिवे मंद झाले तरी लॅपटॉपला थेट फरक पडत नाही. लाइट गेली की मात्र मशीन बॅटरीवर येते आणि ग्राफिक्स चिपला मिळणारे वॅट एकदम घसरतात. तिथे ओव्हरक्लॉकला अर्थ राहत नाही. उलट वेग आणि व्होल्टेजची अशी अचानक अदलाबदल होते, त्याच क्षणी काठावरचे सेटिंग कोसळण्याची शक्यता जास्त असते. दिवसातून चार वेळा लाइट ये-जा करणाऱ्या गावात स्थिरतेची चाचणी त्यामुळे वायर काढून-लावूनही घ्यायला हवी.

उष्णतेने चिपा खरोखर मरतात का?

मरतात, आणि त्याचा मोठा दाखला आहे. जुलै २००८मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या काही ग्राफिक्स चिपा अपेक्षेपेक्षा जास्त प्रमाणात निकामी होत असल्याचे मान्य केले आणि दुरुस्ती-बदलीसाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. कारण होते चिपच्या बांधणीत वापरलेले कमकुवत साहित्य. तापणे, निवणे, पुन्हा तापणे या चक्रात ते साहित्य तडकत होते. ॲपल, डेल, एचपी यांना संबंधित लॅपटॉपांची वॉरंटी वाढवावी लागली. दुरुस्तीच्या दुकानांत 'चिप रीबॉल करून देतो' हे वाक्य त्या काळात फार ऐकू आले. आजचे साहित्य त्यापेक्षा चांगले आहे, पण चक्र तेच आहे. रोज दुपारी ८७ अंशांना टेकणारी चिप आणि ७२वर थांबणारी चिप चार वर्षांनी सारख्या अवस्थेत नसतील.

कंपन्यांची भूमिका याबाबत दुटप्पी राहिली आहे. फेब्रुवारी २०१५मध्ये एनव्हिडियाने ड्रायव्हरमधूनच लॅपटॉपचे ओव्हरक्लॉकिंग बंद केले, ग्राहक भडकल्यावर काही दिवसांतच ते परत देण्याचे जाहीर केले. आज अनेक लॅपटॉप कंपन्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये मर्यादित ओव्हरक्लॉकचे बटण देतात आणि त्याच वेळी वॉरंटीच्या अटींत ओव्हरक्लॉकमुळे झालेले नुकसान वगळतात. ती अट बटण दाबण्याआधी वाचावी. तेलगावहून वडवणीमार्गे बीड गाठायचे, तिथे काम झाले नाही तर छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे. मशीन पंधरा दिवस हाताबाहेर जाणे हे प्रोजेक्टच्या तारखेपुढे फ्रेम्सपेक्षा फार महाग पडते.

प्रोजेक्टचा मुद्दा आणखी एका कारणाने महत्त्वाचा. गेममध्ये चिपने एखादी चूक केली तर एखादा ठिपका चुकीचा रंगतो, कोणाला कळतही नाही. पण त्याच चिपवर मशीन लर्निंगचे मॉडेल रात्रभर चालत असेल, तर काठावरचा ओव्हरक्लॉक मॉडेल बंद न पाडता आकडे चुकवू शकतो. मेमरी जास्त ताणली तर ती चुका दुरुस्त करण्यात वेळ घालवते आणि स्लायडर वर असूनही वेग खाली येतो. अभ्यासाच्या कामाला म्हणूनच मूळ सेटिंग, नाहीतर नीट तपासलेला सौम्य अंडरव्होल्ट, एवढेच वापरावे.

मग ओव्हरक्लॉक कधी?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, रात्री, लॅपटॉप स्वच्छ असताना, जीपीयू-झेडमध्ये 'व्हीरेल' दिसत असेल आणि मशीनवर महत्त्वाचे काम नसेल तेव्हा. कोअर ५०च्या टप्प्याने वाढवावा, मेमरीला आधी हात लावू नये. डिसेंबरचे सेटिंग वेगळ्या प्रोफाइलमध्ये जतन करावे आणि होळीच्या आसपास ते काढून अंडरव्होल्टचे प्रोफाइल लावावे.

आफ्टरबर्नर मात्र एमएसआय किंवा गुरू थ्रीडी यांच्या अधिकृत पानावरूनच घ्यावे. नोव्हेंबर २०२२मध्ये 'सायबल' या सुरक्षा कंपनीने आफ्टरबर्नरच्या नावाने चालणारी अनेक बनावट संकेतस्थळे उघड केली होती. तिथून डाउनलोड करणाऱ्याच्या मशीनमध्ये पासवर्ड चोरणारे आणि गुपचूप क्रिप्टो मायनिंग करणारे प्रोग्राम शिरत होते. वेग वाढवायला गेलेल्याचा प्रोसेसर मग दिवसरात्र दुसऱ्याच कोणासाठी तापत राहायचा.